चिमूट कानाशी नेऊ नये

भावजी, तुम्ही मला घातलेली येडाई देवीची आण मी मोडली. खंडेनवमीच्या दिवशी, भर दुपारी, आबांच्या देखत मोडली. येडाईला काय शिक्षा करायची ती करू दे, तिचं माझं मी बघून घेईन. तुम्ही रागावला असाल तर खुशाल रागवा. राग आला की तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवून उठायचात आणि मी तो तुमच्यासमोर मोरीत ओतायचे. आता तो चहाही नाही आणि रागही नाही, म्हणून लिहून सांगते आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात. गावात बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं आणि आपल्या दारात माणसं गोळा होत होती. आज वसुबारस. यंदा आपल्या घरी सण नाही, पण आपल्याच शेडमध्ये भरलेला फटाक्यांचा माल बार्शीपासून धाराशिवपर्यंत उडायला लागलाय. तुम्ही असता तर धूर नको म्हणून खिडक्या लावून, फटींत ओला पंचा कोंबून तुम्हाला मधल्या खोलीत बसवावं लागलं असतं. तेवढ्यातून तरी सुटलात, असं काल मनात आलं आणि माझी मलाच चीड आली.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही अकरावीत होतात आणि मी बारावी झालेली. तेरखेड्यातल्या फटाक्याच्या घरात पोरगी दिली म्हणून माझ्या माहेरी बायका तोंडाला पदर लावत होत्या. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला शेडचे नियम शिकवलेत. टेरिकॉट घालायचं नाही, हातात बांगडी नको, आत जाण्याआधी अनवाणी पायांनी उभं राहून जमिनीला हात लावायचा. मला वाटलं नमस्कार करतात. मी भक्तिभावानं हात कपाळाला लावला तर तुम्ही पोट धरून हसलात. अंगात साठलेली वीज जमिनीत जावी म्हणून तो हात असतो, हे तुम्ही सांगितलंत. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग उंबरा. शेडमधला कपडा घरात आणायचा नाही. हे नियम आपल्याकडं देवापेक्षा कडक, कारण आबांचे धाकटे भाऊ शेडमध्येच गेले होते आणि तुमच्या दादांच्या डाव्या हाताची बोटं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

आणि सोरा ऐकायचा. हे मला सगळ्यांत उशिरा जमलं. फटाक्याच्या दारूत घालायचा सोरा नीट वाळलाय की नाही, हे आपल्या घरात कान सांगतो. चिमूट घ्यायची, कानाशी न्यायची आणि अंगठ्यानं बोटावर चोळायची. वाळलेला सोरा करकर बोलतो, ओला मुका राहतो. मुक्या सोऱ्याचा माल दिवाळीत फुसका निघतो आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी शेजारच्या शेडला जातं. हंगाम सुरू व्हायच्या आधी आबा घरातल्या एकेका पोराला समोर बसवायचे, चिमूट त्याच्या कानाशी धरायचे आणि विचारायचे, "बोलतंय का?" पोरानं "बोलतंय" म्हटलं की डोक्यावर हात. माझी ऋतुजा तर बोलायला लागली त्याच वर्षी तिच्या कानाशी चिमूट गेली होती. आता स्वयंपाकात मीठ घेतानाही तिचा हात आधी कानाकडं जातो, मग भाजीत. माझाही जातो. दादांचाही जातो.

तुमचे कान घरात सगळ्यांत चांगले. आबा म्हणायचे, दत्त्याला पोत्यावरूनच कळतंय. तरीही तुम्ही केमिकल इंजिनिअर व्हायचं ठरवलंत तेव्हा आबांएवढं खूश कुणी नव्हतं. गावातल्या माणसांना वाटलं, पोरगं हातचं गेलं म्हणून म्हाताऱ्याला वाईट वाटत असेल. वाईट कसलं? आबांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, "एक तरी पोरगं आगीतून काढलं."

त्या पेढ्यांच्या गडबडीतच तुम्ही आबांना म्हणालात की मी शिकलो तर वहिनीही शिकणार. मी तेव्हा चुलीपुढं होते, मला कुणी विचारलंही नव्हतं. तुमचे दादा तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. आज मी शाळेत विज्ञान शिकवते आणि पोरं मला मॅडम म्हणतात, ते त्या एका वाक्यामुळं. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. दिराला काय थँक्यू म्हणायचं, असं वाटायचं. आता म्हणते. ऐकायला तुम्ही नाही, ही माझी शिक्षा.

पुढं तुम्ही बाहेरदेशी गेलात आणि मिठात पडलात. आबांना ते काम समजावताना तुम्ही पाटावर भांडी मांडली होतीत, आठवतं? मधे एक वाटी, म्हणजे सूर्यासारखी आग. ती कुठल्याच भांड्याला शिवू न देता चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरायची. वाटीभोवती परात, परातीत वितळवलेलं मीठ. हे मीठ आगीची धग पिऊन बाहेर नेणार, तिच्यावर पाण्याची वाफ आणि वाफेवर वीज. वर त्या आगीला लागणारं इंधनही त्याच मिठात तयार होत राहणार. म्हणून ते खायचं मीठ नाही, लिथियमचं आणि बेरिलियमचं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीठ पेटतंय का?" तुम्ही म्हणालात, "न्हाय आबा. कितीबी तापवा, पेटत न्हाय." आबा म्हणाले, "मग झालं तर."

ते "मग झालं तर" मला आजही ऐकू येतं.

तुमच्या लग्नासाठी मी किती दारं झिजवली, भावजी. मुलगा काय करतो? मीठ वितळवतो. जळकोटच्या त्या मुलीच्या मामांनी तर विचारलं, मिठागरात आहे का, आणि मी रागानं म्हटलं, हो, आणि पगार तुमच्या सगळ्या गावापेक्षा जास्त आहे. सोयरीक तिथंच मोडली. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "वहिनी, बरोबर ओळखलं त्यांनी, मिठागरच आहे, नुसतं जरा गरम." तुम्हाला लग्नच करायचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर तेरपासून तुळजापुरापर्यंतच्या सगळ्या मामा-मावश्यांशी माझं वाकडं झालं होतं.

एकदा सुट्टीत आला होतात तेव्हा मी तुम्हाला शाळेत बोलावलं. तुम्ही मोबाईलवर वितळलेलं मीठ दाखवलंत. मला वाटलं होतं काहीतरी रटरटणारं, दाट असेल. ते तर पाण्यासारखं नितळ होतं, तळाचा स्क्रू दिसत होता. तेरणेचं पाणी एवढं स्वच्छ आम्ही कधी बघितलं नाही, असं मी म्हटल्यावर पोरं हसली. मग तुम्ही सांगितलंत, की ह्या मिठाला थोडा जरी ओलावा लागला तरी त्याचं आम्ल होतं आणि ते भांड्याचं पोलाद खाऊन टाकतं, म्हणून मीठ कोरडं ठेवणं हेच निम्मं काम. मग या कामाला कोण कोण लागतं ते सांगितलंत. मीठ शुद्ध करणारा, पोलाद का गंजतं ते शोधणारा, पंप बनवणारा, आणि असा वेल्डर ज्याचा एकही जोड गळत नाही. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, लाईट कधी येणार?" तुम्ही म्हणालात, "माहीत नाही. कदाचित मी म्हातारा होईन तेव्हा. कदाचित नंतर."

घरी येताना मी तुमच्याशी भांडले. एवढं शिकून पोरांपुढं माहीत नाही म्हणायचं? आपल्या लायटीचा पत्ता नसतो, दिवसाआड मोटर बंद, आणि तुम्ही अशा विजेच्या मागं आयुष्य घालवताय जी तुम्हाला बघायलाही मिळणार नाही. तुमचा सूर्य उगवेपर्यंत आम्ही कंदील पुसत बसायचं का? तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत. म्हणालात, "वहिनी, आबा वर्षभर खपतात आणि ते एका रात्रीत जळून जातं. दुसऱ्या दिवशी लोक कागद झाडतात. मला एकदा असं काहीतरी करू द्या, जे जळून संपणार नाही." मी भाजी घ्यायची राहिली हे काढून भांडण तिसरीकडंच नेलं. ते भांडण तिथंच राहिलंय. आज उत्तर आहे माझ्याकडं, पण ते इतकं कडू आहे की तुम्ही समोर असता तरी मी ते गिळलं असतं.

खोकला घेऊन तुम्ही परत आलात तेव्हा सोलापूरला टीबीची औषधं दिली. ती तुम्ही मुकाट्यानं घेतलीत, कारण घरात सगळ्यांना टीबी समजत होता. तुम्हाला मात्र आधीच माहीत होतं. तुमच्या दुसऱ्या, मोठ्या प्रयोगशाळेत सगळ्यांचं रक्त तपासतात, तिथंच ते निघालं होतं. बेरिलियमची बारीक भुकटी छातीत जाते. कुणाचं शरीर तिला सोसतं, कुणाचं तिच्याशी कायमचं वैर धरतं, आणि मग फुप्फुसं आतून चट्ट्यांनी घट्ट होत जातात. तुम्ही हे मला धडा शिकवावा तसं सांगितलंत, अगदी शांतपणे. मी तुमच्या पाठीखाली उशी सारत होते. ती तशीच हातात राहिली.

शेवटचे महिने म्हणजे ते ऑक्सिजनचं यंत्र. फटाक्याच्या घरात ऑक्सिजन आणायचा, म्हणजे काय असतं ते आपल्यालाच माहीत. दादा शेडवरून थेट घरी येईनात. शेतातल्या मोटरीवर अंघोळ करून, तिथंच कपडे बदलून, तरीही तुमच्या खोलीच्या दारातच उभे राहायचे. सख्खा भाऊ, पण तुमच्या उशाशी म्हणून बसला नाही. दिव्याची वात आम्ही देवघरातसुद्धा लावली नाही. आणि लाईट गेली की यंत्र इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर पिकपिक करायला लागला की आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो. सूर्य भांड्यात धरायला निघालेला माणूस आणि त्याचा श्वास तेरखेड्याच्या लायनीवर. तुम्ही स्वतःच हा विनोद केला होतात. मी हसले नाही, म्हणून तुम्हीच एकटे हसलात आणि मग किती तरी वेळ धाप लागली.

ऋतुजाला तुमच्याच विषयात पुढच्या शिक्षणासाठी बाहेरदेशी जागा मिळाली ती याच दिवसांत. तेच मीठ. तिनं हजर व्हायची तारीख पुढं ढकलून घेतली, काकापाशी थांबते म्हणाली. रोज दुपारी तुमच्या पायाशी बसायची आणि तुम्ही तिला शिकवायचात, एका वाक्यात दोनदा थांबून. मी स्वयंपाकघरातून ऐकत राहायचे. तिला म्हटलं, काकाचं बघतेस ना, तरी जाणार? तर ती म्हणाली, "मम्मी, आपल्या शेडपेक्षा ते सेफ आहे. ते मीठ ना पेटतं, ना उडतं."

मग मी तुमच्याकडं आले. घरात कुणी नव्हतं, आबा पारावर गेले होते. मी म्हटलं, भावजी, तिला नको म्हणा, तुमचं एक ती ऐकेल. तुम्ही डोळे मिटून म्हणालात की मीठ वाईट नाही. मी विचारलं, मग वाईट काय? आणि तेव्हा तुम्ही ते सांगितलंत.

तुमची ती पहिली छोटी कंपनी. बेरिलियमचं मीठ पिंपांतून यायचं, भट्टीत घालायच्या आधी त्याचा ओलावा मोजायचा. मोजायचं यंत्र होतं, पण त्याला वेळ लागायचा आणि सगळे खोळंबून बसायचे. तुम्ही हातमोजा काढलात, चिमूट घेतलीत आणि कानाशी नेलीत. बोललं. मागून यंत्रानंही तेच सांगितलं. पुढं पुढं साहेब तुम्हालाच हाक मारायला लागला. नाकाला मास्क होता, तो तुम्ही कधीच काढला नाहीत. पण भुकटी कानापाशी पडली, केसांत पडली, कॉलरवर पडली. तेच केस घेऊन तुम्ही खोलीवर यायचात आणि तेच केस उशीवर टेकायचात. मी विचारलं, अहो, पण अंघोळ? आपल्याकडं तर अंघोळीशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. तुम्ही म्हणालात, "वहिनी, ते पेटत नव्हतं ना. न पेटणाऱ्या गोष्टीला भ्यायचं आपल्याला कुणी शिकवलंच नाही."

त्यानंतर तुम्ही माझ्याकडून येडाईची आण घेतलीत, की हे आबांच्या कानावर कधी जाता कामा नये. "माझ्या कानाशी पहिली चिमूट धरणारा हात आबांचा आहे, त्यांना हे कळलं तर ते जगायचे नाहीत," असं म्हणालात. मी विचारलं, आणि ऋतुजा? तिचा हात बघितलाय ना? तिला सांगणार की नाही? तुम्ही म्हणालात, तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत आबांना कळणार, तिच्या पोटात काही राहत नाही. तिची जायची वेळ आली की मी सांगतो. आणि आता तिथं नियम कडक आहेत. मी म्हटलं, नियम तुम्हालाही होते, भावजी. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. एवढ्यात पारावरून आबा आले आणि ते बोलणं तिथंच तुटलं. नंतर तुम्हाला बोलण्याइतका श्वास उरला नाही.

असं कुठं असतं का, भावजी? बापाला वाचवायचं म्हणून पुतणीला अंधारात ठेवायचं, आणि ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवून आपण मोकळं व्हायचं. तुमच्या दहाव्याला आबा आल्यागेल्याला सांगत होते, आगीतून काढला व्हता म्या त्याला, परक्या हवेनं नेला. मी तांब्या घेऊन तिथंच उभी होते. एकीकडं तो म्हातारा आणि दुसरीकडं माझी पोरगी, चटणीचं मीठ कानाशी नेत बसलेली. हात तिचा, कान तिचा, आणि विमानाचं तिकीट आलेलं. कितीदा तोंड उघडलं आणि कितीदा मिटलं, ते माझं मला माहीत.

खंडेनवमीला शेड बंद असते. हत्यारांची पूजा यंदा नव्हती, नुसतं झाडून घेतलं. पण आबा दुपारी सगळ्यांना शेतात घेऊन गेले. म्हणाले, पोरगी लांब चाललीय, दत्त्या जाताना केलं व्हतं तसं करू. शेडबाहेर लिंबाखाली त्यांनी तिला समोर बसवलं. जमिनीला हात लावला. वाटीतल्या सोऱ्याची चिमूट घेतली. ऋतुजानं केस कानामागं सारले आणि मान वाकडी केली, लहानपणी करायची तशीच.

मी आबांचं मनगट धरलं. लग्न होऊन आल्यापासून पाया पडण्यापलीकडं मी त्यांना कधी हात लावला नव्हता. दादा ओरडले, काय करतीस. मी म्हटलं, "आबा, ती चिमूट तिच्या कानाशी नेऊ नका. भावजी असल्याच चिमटीनं गेले."

मग सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं. पिंप, हातमोजा, कॉलर, उशी, काही ठेवलं नाही. दादा तोंड फिरवून बांधाकडं चालत गेले. ऋतुजा माझ्याकडं बघत होती आणि तिचा हात अजून केसांतच होता. आबांची चिमूट तशीच अधांतरी. ती खाली टाकावी की वाटीत ठेवावी, हे त्या माणसाला कळेना, ज्याचं सगळं आयुष्य त्या दोन बोटांवर गेलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "ते मीठ बोललं व्हतं का त्याला?"

मी म्हटलं, "बोललं होतं, आबा. यंत्रानंही वाळलेलंच सांगितलं."

"म्हंजी बरुबर ऐकलं व्हतं त्यानं," आबा म्हणाले, आणि मग तिथंच मातीत बसले. मुलगा गेला त्या दिवशी रडले नव्हते, ते त्या दुपारी रडले. मला वाटलं, तुम्ही म्हणालात तेच खरं, हा माणूस आता उठायचा नाही, आणि त्याला मी मारलं. तुम्ही आण का घातलीत ते मला तेव्हा पुरतं कळलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनंही कुणाच्या हातातून घेतलं नाही. ऋतुजा निघाली त्या सकाळी मात्र अंघोळ करून ओसरीत येऊन बसले. तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्याची बोटं एकेक करून दाबली आणि म्हणाले, "पोरी, ह्यो हात माज्यावाणी हाय. सांगून ऐकायचा न्हाय. तिथं कानाकडं जायला लागला की माज्या नावानं शिवी दे. मोठ्यानं दे. मग जाणार न्हाय." ती म्हणाली, आबा, मी तुम्हाला शिवी कशी देऊ? तर त्यांनी तिचा हात सोडला नाही, "दे" म्हणाले, "आत्ता दे, मला ऐकू दे." आणि भावजी, आपल्या ओसरीत, शेजारपाजारच्या बायका निरोपाला आलेल्या असताना, माझ्या पोरीनं तिच्या आजोबांना तोंडावर शिवी दिली. तोंडातल्या तोंडात, रडत. आबांनी मान हलवली, असली नको, जरा चांगली दे. तिनं दुसऱ्यांदा दिली तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले.

मी तिला जाऊ दिलं. तुमच्या-माझ्या भांडणाचा हा निकाल आहे असं समजू नका. मला अजूनही तुमचा सूर्य पटलेला नाही. तिची गाडी येरमाळ्याच्या दिशेनं वळली तेव्हा माझ्या मनात आलं, एक दिलाय तो पुरे नव्हता का? तरी तिला थांबवलं असतं तर ती घरी राहून शेडमध्ये गेली असती, आणि तिथं काय आहे ते तुमच्या दादांच्या हातावर लिहिलंय. आपल्या माणसांपुढं रस्ते असतात किती, हा एक आणि तो एक. निदान तिला माहीत असून ती गेली. तुम्हाला माहीत नव्हतं.

शेडमध्ये या हंगामात सोरा कुणी ऐकलेला नाही. शेवटचा माल करताना दादांनी चिमूट घेऊन आबांपुढं धरली होती. आबांनी दुसरीकडं बघितलं. यंदा माल कसा निघाला, ते गिऱ्हाइकाला दिवाळीच्या पहाटे कळेल.

परवाच ऋतुजाचा फोन आला. तिला प्रयोगशाळा दाखवली म्हणाली. पिंपाला कुणी हात लावत नाही, सगळं काचेच्या पेटीत, बाहेरून, जाड मोज्यांतून. बाहेर येताना कपडे तिथंच ठेवायचे, अंघोळ करूनच निघायचं. ती म्हणाली, अगदी आपल्यासारखं. मग म्हणाली, शिकायला म्हणून साधं खायचं मीठ दिलं होतं उघड्या वाटीत, आणि मम्मी, हात वर गेला. कळलंच नाही. मी विचारलं, मग? म्हणाली, "शिवी दिली. मोठ्यानं. सगळे बघायला लागले."

मी फोन ठेवला आणि ओसरीत जाऊन आबांना सांगितलं. ते ऐकत होते की नाही, मला समजेना. बाहेर कुणीतरी आपल्याच हातची माळ लावली, ती संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "दत्त्याला बी हे शिकवून धाडायला पायजे व्हतं."